इसाकभाई पट फिरवतात

इसाकभाईंशी बुद्धिबळ खेळून आपण हरलो, असं भोरात कुणालाच नीट सांगता येत नसे. जिंकलो असं तर नाहीच नाही. डाव त्यांच्या बाजूला झुकला आणि समोरचा कपाळ चोळायला लागला, की ते पटाची फळी दोन टोकांना धरत, एकही सोंगटी न पाडता ती गोल फिरवत आणि म्हणत, "घ्या सर, आता माजी बाजू तुमी घ्या." म्हणजे जी बाजू मी तासभर खपून बुडवलेली, ती त्यांच्याकडे आणि जिंकत आलेली माझ्याकडे. चहा येईपर्यंत त्यांनी माझी बुडालेली बाजू वर काढलेली असे आणि त्यांची चांगली बाजू मी मनापासून बुडवलेली असे. मग फळी पुन्हा फिरे. शेवटी मात कुणावर झाली, हे दोघांच्याही लक्षात राहत नसे.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. माझ्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, इसाकभाईंचं मांडवाच्या सामानाचं गोदाम होतं. बांबूंच्या चळती, कनाती, घडीच्या खुर्च्या आणि सगळ्यावर सुतळीचा आणि ओल्या ताडपत्रीचा एक वास. लग्नसराईत तिथं पाय ठेवायला जागा नसे, आणि सराई संपली की दारात एक पिंप उपडं घातलं जाई. पिंपावर फळी, दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची. दोन वर्षं झाली इसाकभाईंना जाऊन. पिंप अजून तिथंच आहे, आणि संध्याकाळी चप्पल घालताना माझे पाय अजून आपोआप तिकडे वळतात.

माणूस उंच, शिडशिडीत. उजव्या खांद्यावर बांबू वाहून वाहून घट्टा पडलेला. खिशात कायम सुतळीचा तुकडा. विचार करताना त्या सुतळीला ते गाठ मारत आणि खेळी सुचली की गाठ सोडत. गाठ सुटली की समजायचं, आता आपलं काही खरं नाही. त्यांचा पट कापडी होता, प्लायवूडच्या फळीवर बारीक खिळे ठोकून बसवलेला. सोंगट्या त्यांनी स्वतः केलेल्या, मांडवाच्या बांबूंच्या उरलेल्या तुकड्यांतून. बांबू आतून पोकळ, पण पेरापाशी भरीव असतो. ते पेर कापून, कोरून, तेल पाजून त्यांनी राजे-वजीर केले होते. एक उंट मात्र कधीतरी हरवला होता. त्याच्या जागी टेम्पोचा जुना स्पार्क प्लग उभा असायचा. नवा माणूस हसायचा. इसाकभाई म्हणायचे, "हसू नका, त्यो लई तिरका हाय."

हा खेळ ते वेल्ह्यात शिकले. पूर्वी डोंगरातल्या गावात मांडव घालायचा म्हणजे लग्न उरकेपर्यंत सामानाशेजारी मुक्काम करायचा. तरुणपणी वडिलांबरोबर गेलेले इसाकभाई अशाच एका मुक्कामात कंटाळून बांबूवर बसलेले असताना घरमालकाच्या म्हाताऱ्या चुलत्यानं, बाळूआबांनी, त्यांच्यापुढं पट मांडला. खेळ अर्थात आपला जुना देशी. त्यात प्यादं सुरुवातीला एकच घर चालतं. आणि राजाला, शह बसलेला नसेल तोवर, एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. बाळूआबांनी त्यांना पार निपटवलं आणि मग फळी फिरवून म्हणाले, "आता माज्या जागंवर बस, म्हंजी कळंल तुजं काय चुकलं." इसाकभाई सांगायचे, की त्या एका वाक्यावर आपला सगळा धंदा उभा आहे.

ते खरंच होतं. मांडव उभा राहिला, मजूर चहाला गेले, की इसाकभाई एकटे आत फिरत आणि निरनिराळ्या जागी बसून बघत. नवरीच्या पाटावर, आचाऱ्याच्या चुलीमागं, वरबापाच्या सोफ्यावर आणि सगळ्यात शेवटी, जिथं गावच्या म्हाताऱ्या सतरंजीवर बसतात तिथं. मजुरांना ते एकच गोष्ट शिकवत: "डोकं मागनं चालवा. आदी बूड हलवा." हे वाक्य मी पुढं वर्गात नकाशा शिकवताना वापरलं आणि मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, तो भाग वेगळा.

भाटघरला एका बागायतदाराच्या घरी मुलीचं लग्न होतं. मालकाची इच्छा अशी, की स्टेजच्या मागं धरणाचं पाणी दिसलं पाहिजे, फोटो झकास येतात. आदल्या दिवशी इसाकभाईंनी स्टेज बांधायला घेतलं आणि मध्येच थांबवलं. मालक तापले. "पैसे मी देतोय का तुम्ही?" वगैरे सुरू झालं. इसाकभाईंनी वाद घातला नाही. गोरज मुहूर्ताची वेळ होईपर्यंत त्यांना गप्पांत गुंतवलं आणि मग एक खुर्ची पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत ठेवून म्हणाले, "मालक, हितं नवरीची आजी बसणार. घटकाभर तुमी आजी व्हा." मालक बसले. उतरतं ऊन पाण्यावरून थेट डोळ्यांत. त्यांना ना स्टेज दिसेना ना समोर उभी असलेली स्वतःची मुलगी. उठले ते डोळे पुसतच उठले आणि मुकाट्यानं स्टेज कुठं घ्यायचं ते विचारलं. पाणी बाजूला घेतलं आणि फोटोही झकासच आले. मी त्या लग्नाला जेवायला होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

या फिरवाफिरवीचा मला घरगुती त्रासही पुष्कळ झाला. बायकोशी वाजलं की मी तणतणत गोदामात जायचो. इसाकभाई सगळं ऐकून घेत, सुतळीला गाठ मारत, आणि मग म्हणत, "बरं, आता वैनींची बाजू तुमी बोला, तुमची म्या बोलतो." आणि बोलतही इतकं तंतोतंत, की माझीच बाजू मला ऐकवत नसे. शेवटी मी घरची भांडणं त्यांना सांगायचं सोडून दिलं. मग बायकोच जाऊन सांगू लागली.

एवढा समजूतदार माणूस, पण एका ठिकाणी त्यांचं घोडं पक्कं अडलेलं होतं. भोरात एकदा बुद्धिबळाची स्पर्धा भरली होती, कॉलेजच्या हॉलमध्ये. पुण्याहूनही मुलं आली होती. आम्ही गोदामात बसणाऱ्यांनीच आग्रह करून इसाकभाईंचं नाव घातलं. नियम नवे, ते त्यांनी चार दिवसांत पाठ केले. पहिले डाव सहज मारले. शेवटच्या डावाला समोर पुण्याचा एक चष्मेवाला पोरगा. आम्ही आठ-दहा जण मागं दाटीवाटीनं उभे. डाव रंगला, पोरानं राजाभोवती फास आवळत आणला. इसाकभाईंच्या हातातली सुतळीची गाठ सुटली, त्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखी उडी मारून पलीकडं ठेवला.

पोरगा आधी पटाकडं आणि मग पंचांकडं बघत राहिला. पंच आले, म्हणाले, "काका, राजा असा चालत नाही." इसाकभाईंना नियम ठाऊक होता, विचारलं असतं तर त्यांनी घडाघडा म्हणून दाखवला असता. पण पंचवीस वर्षांची सवय डोक्यात नव्हती, हातात होती. राजाला हात लागलेला, म्हणजे राजाच हलवायचा. जायला एकच घर होतं. तिथं गेला आणि पुढच्या खेळीला मात. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. वाईट हेतूनं नव्हे, पण हसले. इसाकभाईंनी पोराशी हात मिळवला, बाहेर आले आणि मला एवढंच म्हणाले, "उडी चालली असती तर फुडच्या चालीला प्याद्यानं मात होती, सर." देशी खेळात प्याद्यानं मात करणं म्हणजे सगळ्यात मानाची मात. ती त्यांच्या हातातोंडाशी होती.

मग हा डाव त्यांनी आम्हाला किती वेळा मांडून दाखवला असेल, देव जाणे. दर वेळी स्वतःच्याच बाजूनं. उडी मारायची, प्याद्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "ही बघा, ही मात." आम्ही माना हलवायचो. त्यांना त्या हसण्याचं किती लागलंय हे कळत होतं, त्यामुळे पुढं कोण बोलणार?

नसीम तेव्हा नुकती चालायला लागली होती. त्यांची एकुलती एक मुलगी. ती पाच वर्षांची झाली आणि इसाकभाईंनी दुकानातून छापील पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या आणल्या. तिला शिकवला तो फक्त नवा खेळ. आमच्याशी ते जुन्याच नियमांनी खेळायचे, पण नसीमसमोर राजाच्या उडीचं नावसुद्धा काढायचं नाही, अशी आम्हा सगळ्यांना ताकीद होती. पोरगी कुशाग्र. दहावीपर्यंत तिनं जिल्ह्यातले कप आणले आणि ते गोदामातच, झालरींच्या पेट्यांवर, मांडलेले असायचे. रविवारी पहाटे मांडवाचा टेम्पो रिकामा करून बाप-लेक पुण्याला स्पर्धेला जायचे. भर लग्नसराईतसुद्धा. बांधलेली कामं त्यांनी दुसऱ्यांना देऊन टाकली, नावं ठेवून घेतली, पण तिची एक स्पर्धा चुकवली नाही. "तिथं जाऊन जिंकून येणारं भोरचं माणूस पायजे," असं म्हणायचे. 'तिथं' म्हणजे पुण्यात, आणि पुणंच का, हे आम्हाला माहीत होतं. तो हॉल काही त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता.

बारावीच्या सुट्टीत, मी गोदामात बसलेलो असतानाच, नसीमनं सांगितलं. घरात त्यांची दखनी उर्दू चालायची, पण पटावर आणि गोदामात मराठी. ती मराठीतच म्हणाली, "अब्बा, मी आता स्पर्धा खेळणार न्हाई. मला मांडव घालायचेत."

इसाकभाईंना वाटलं ती चेष्टा करतेय. ते हसले. ती हसली नाही. तिनं कागद पुढं केले. बांबू वाकवून केलेल्या कमानी, खांबांशिवाय उभं राहणारं छत, वारा कुठून येतो त्याचे बाण. सगळ्यांनी लोखंडी पाइप आणि चकचकीत कापड आणल्यापासून बांबूला कुणी विचारत नव्हतं. ही पोरगी बांबूचंच काहीतरी नवं काढून बसली होती. मला तर चित्रं बघून थक्क व्हायला झालं. इसाकभाईंनी ती नीट पाहिलीसुद्धा नाहीत.

"माज्या पोरीनं बांबू उचलायचे?" ते म्हणाले. "ह्यो खांदा बघ माजा. ह्याच्यासाठी शिकवलं तुला?"

"तुमीच शिकवलं. मी पट बघते तसाच मांडव बघते."

"कप कोण आणणार मग?"

"कप तुमाला पायजेत, अब्बा."

हे तिनं फार शांतपणे म्हटलं, म्हणूनच ते फार लागलं असावं. इसाकभाई उठले, फळी भिंतीला तोंड करून ठेवली आणि घरी गेले.

त्यानंतर पिंपावर पट आला नाही. दोघं एका घरात राहत होते, एका ताटात जेवत होते, पण बोलणं भाभींमार्फत, म्हणजे नसीमच्या आईमार्फत. आम्ही रोज संध्याकाळी गोदामापर्यंत जायचो आणि परत यायचो. मी एकदा धीर करून म्हणालो, "इसाकभाई, जरा पट फिरवून बघा की." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी चप्पल पायात सरकवून घराकडं वळलो. ज्यानं गावाला जागा बदलायला शिकवलं, तो स्वतः खुर्चीला घट्ट चिकटून बसला होता. मला त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त कणव येत होती. कारण पोरीचं भविष्य जाईल एवढीच त्यांची भीती नव्हती. ती थांबली तर ते हसणं कायमचं अंगावर राहणार होतं.

असे दोनेक महिने गेले असतील. एका संध्याकाळी बघतो तो पिंपावर फळी. नसीमनं मांडलेली. प्लास्टिकच्या सोंगट्या नव्हेत, बांबूच्या. डाव नवा नव्हता. दुरूनच ओळखला मी. कॉलेजच्या हॉलमधला, राजा उचलण्याच्या आधीचा. इसाकभाई रस्त्यानं येत होते. पट बघून थबकले आणि सवयीनं आपल्या खुर्चीकडं वळले. तिथं नसीम बसली होती.

"तिकडं बसा, अब्बा," ती म्हणाली.

"कुठं?"

"त्या पोराच्या जागंवर."

मला वाटलं, आता हे फळी उधळतात. त्यांनी खुर्ची मागं ओढली. मग खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या डावाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते. नसीमनं राजा उचलला आणि घोड्यासारखी उडी मारली. आम्ही कुणी तिला ती शिकवलेली नव्हती. आमच्या पाठीमागं उभं राहून केव्हाच शिकली होती.

"चालली उडी," ती म्हणाली. "पंच न्हाईत हितं. आता तुमची चाल."

इसाकभाईंनी सुतळी काढली. गाठ मारली. पटाकडं बघत राहिले. रस्त्यावरून एसटी गेली, समोरच्या दुकानाचं शटर खाली आलं, तरी बघतच होते. मग त्यांनी हात पुढं केला आणि स्पार्क प्लग उचलला. आमचा तो तिरका उंट. एक घर सरकवला.

शह. राजाला हलायला जागा नव्हती. मात.

म्हणजे उडी चालली असती, तरी ते हरलेच असते. ज्या प्याद्यानं मात होणार म्हणून आम्ही वर्षानुवर्षं माना हलवल्या, त्या प्याद्याची पाळीच आली नसती. मी इसाकभाईंकडं बघायचं टाळलं. 

पण ते अजून पटाकडंच बघत होते. त्यांनी प्लग परत जागेवर ठेवला, नसीमचा राजाही मागं घेतला. आणि त्या पोराच्या जागेवरून, अगदी त्या पोराचेच असावेत अशा डोळ्यांनी बघत, हळूच म्हणाले, "हितनं मला राजाची भीतीच वाटत न्हाई गं. ह्या तुज्या हत्तीची वाटती. त्यो मागं आला असता तर मी अडकलो असतो."

"व्हय," नसीम म्हणाली.

"तुला ठावं हुतं?"

"लई दिवसांपासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इकडं बसल्याबिगर दिसलं नसतं."

इसाकभाई हसले. आधी थोडं, मग मोकळं. त्या हॉलमध्ये हसायचं त्यांचं एकट्याचं राहिलं होतं, ते आज हसून घेतलं. डोळ्यांत पाणीही होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग आम्हाला वाटलं आता पोरीला काही बोलतील. पण फळी धरून त्यांनी ती सवयीनं फिरवली, डाव मोडला आणि म्हणाले, "ती तुजी कागदं कुठायत?"

त्यानंतरचं सगळं भोरात लोकांनी पाहिलंय, मी सांगायची गरज नाही. नसीमच्या बांबूच्या मांडवाला आता थेट हायवेवरच्या सारोळ्यापासून बोलावणी येतात. कप अजून झालरींच्या पेट्यांवर आहेत, थोडी धूळ बसून. इसाकभाईंनी त्यानंतर मात्र तो हॉलमधला डाव कुणाला मांडून दाखवला नाही.

त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते वेल्ह्यात. बाळूआबांच्या पणतीचं लग्न होतं. निवृत्तीनंतर मला कसला उद्योग नव्हता, म्हणून आदल्या दिवशीच टेम्पोत बसून त्यांच्याबरोबर गेलो. गुडघ्यांनी दगा दिला होता, त्यामुळे इसाकभाईंना नसीमनं एक खुर्ची देऊन कडेला बसवलं होतं. मांडव चढत होता. वाकवलेल्या बांबूंच्या कमानी डोंगराच्या रेषेला रेष जुळवत गेल्या होत्या. ज्या अंगणात एका म्हाताऱ्यानं एका कंटाळलेल्या पोराला पट फिरवून दाखवला, तेच हे अंगण. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "अंगण लई बारकं वाटतंय आता."

संध्याकाळी मजूर चहाला गेले. आता इसाकभाई उठतील आणि नेहमीसारखे जागा बदलून बदलून बघतील, असं मला वाटलं. ते उठले नाहीत. नसीम एकटीच आत फिरत होती. नवरीच्या पाटावर बसली, चुलीमागं उभी राहिली, सगळ्यात शेवटी म्हाताऱ्यांच्या सतरंजीवर मांडी घालून वर बघत बसली. बराच वेळ. मग उठून आली आणि म्हणाली, "अब्बा, मागचा एक बांबू बदलायला पायजे. सतरंजीवर ऊन येतंय."

"मला इचारतेस का सांगतेस?"

"सांगते."

ती चळतीकडं गेली आणि एक लांबलचक बांबू ओढायला लागली. मजूर लांब होते. मी उठतोय तोवर इसाकभाई खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले, एकेक पाय टाकत गेले आणि त्यांनी बांबूचं दुसरं टोक उचलून त्या घट्टा पडलेल्या खांद्यावर घेतलं. नसीमनं मागं वळून बघितलं. तिनंही आपलं टोक खांद्यावर घेतलं. आणि दोघं मांडवात शिरले, पुढं ती, मागं ते.